साध्या इमारतीचाही फोटो काढा

आपल्या घरांत फोटोंची वानवा नाही. बाबासाहेबांचा फोटो आहे, तथागतांचा आहे, दीक्षाभूमीसमोर उभ्या राहिलेल्या कुटुंबाचाही आहे. पण ज्या इमारतीत आपण लहानाचे मोठे झालो तिचा फोटो मागा, निघत नाही. निघालाच तर लग्नाच्या वरातीमागे दिसणारी अर्धी भिंत. जालन्यात कोणी अशा इमारतीसमोर कॅमेरा धरला तर लोक विचारतात, यात काढण्यासारखे काय आहे? रंग उडालेले तीन मजले, गॅलरीत वाळणारे कपडे, गच्चीवर काळ्या टाक्या.

काढण्यासारखे हेच आहे. नीट पाहिले तर गॅलरीच्या गजाला बांधलेला निळा झेंडा दिसतो, दारावरच्या पाट्या दिसतात. कोणत्या इमारतीत कोणत्या आडनावाची पाटी लागत नाही, हेही कळते. खोली भाड्याने देताना "तुम्ही कोण?" असे विचारणारे मालक अजून संपलेले नाहीत.

मुंबईच्या बी.डी.डी. चाळी घ्या. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या २०७ इमारती, १६० चौरस फुटांची खोली, शौचालय सामाईक. आंबेडकरी चळवळीच्या किती पिढ्या तिथे घडल्या! १९७४ ची वरळीची दंगल याच चाळींनी सोसली. आता त्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचे. चांगलेच झाले. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा त्या सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहावे. मात्र उरलेली चाळ पडण्याआधी तिचा जिना, तिचा व्हरांडा फोटोत यायला हवा.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना याची किंमत जास्त कळावी. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. जळाल्यावर पंचनामा होतो तो राखेचा. आधी तिथे किती पत्रे होते, किती दारे होती, हे सांगायला तोंडी जबाबाशिवाय काय उरते? जळण्याआधीच्या त्या घरांचे फोटो आज किती जणांकडे सापडतील?

वकील म्हणून एक सांगतो. नुसता फोटो कोर्टात चालत नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादातला. मूळ उपकरण हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कलम ६५-ब चे प्रमाणपत्र लागतेच, असे त्यात ठरले. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून मूळ फाईल पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या फोटोतून वेळेची आणि जागेची मूळ नोंद बहुधा गळून जाते.

समोरून पूर्ण इमारत घ्या, मग दार, मग विजेचे मीटर. प्रिंट काढून मागे तारीख, खोली नंबर आणि राहणाऱ्यांची नावे पेनाने लिहा. बायकांचीही लिहा, भाडेपावतीवर ती सहसा नसतात.