गच्चीचं सामान : मोजणीत कुठे चुकतं?

सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूरला सिमेंटचे कारखाने आहेत. तरीही एटापल्ली तालुक्यातल्या आतल्या गावात स्लॅबवर कोबा टाकताना दोन पोती कमी पडली, की गाडीभाडं नव्याने मोजावं लागतं आणि काम अर्ध्यावर थांबतं. जिथे काम थांबतं तिथे जोड राहतो, आणि पुढे बहुधा तिथूनच गळतं. म्हणून सामानाचा अंदाज आधीच नीट काढायला हवा.

उदाहरणाला 20 बाय 15 फुटांचा स्लॅब घेऊ. क्षेत्रफळ 300 चौरस फूट, म्हणजे घरकुलाच्या किमान 25 चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त.

गैरसमज : स्लॅब सपाट, म्हणून कोब्याची जाडी सगळीकडे सारखी.
सगळ्यात जास्त सामान इथेच कमी पडतं. कवेलूच्या छपराला उतार आपसूक असतो, स्लॅबला तो कोब्यातूनच द्यावा लागतो. शंभर फुटांना एक फूट हा ढाळ धरला, तर 15 फुटांत 1.8 इंच फरक पडतो. पाणी जाण्याच्या पायपाजवळ 2 इंच जाडी ठेवली, तर पलीकडच्या टोकाला ती 3.8 इंच होते. सरासरी 2.9 इंच. सरसकट 2 इंच धरणाऱ्याला 50 घनफूट माल लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात सुमारे 72 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या जवळपास लागतो. हा माल टाकल्यानंतरचा, दाबून बसलेला आकार आहे. कोरडी वाळू आणि सिमेंट पाणी घालून कालवलं की आकसतं, म्हणून मसाल्याचं कोरडं सामान तयार मसाल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त धरावं.

गैरसमज : मग जाड कोबा टाकला की झालं.
नाही. या स्लॅबवर प्रत्येक जादा इंचामागे 25 घनफूट माल चढतो, आणि त्याचं वजन एक टनाहून जास्त भरतं. ते ओझं स्लॅबने जन्मभर पेलायचं असतं. पाणी अडतं ते ढाळामुळे, नीट भरलेल्या सांध्यांमुळे आणि भिजवणीमुळे. नुसत्या जाडीने ते अडत नाही.

गैरसमज : 300 चौरस फुटांना 300 चौरस फुटांचंच सामान.
कठड्याच्या आतल्या बाजूनेही जलरोधक थर वर चढवावा लागतो. घेर 70 फूट आणि चढाव 1 फूट धरला, तर 70 चौरस फूट वाढतात. कोपऱ्यातली गोलाई, जिला गवंडी वाटा म्हणतात, ती वेगळी. डांबरी मेम्ब्रेनचा रोल 1 मीटर रुंद, 10 मीटर लांब असतो. पण पट्ट्या एकमेकींवर 10 सेंटीमीटर आणि टोकाला 15 सेंटीमीटर चढवल्यावर त्यातून नऊ चौरस मीटरही झाकले जात नाहीत. स्लॅबच्या 28 चौरस मीटरला तीन रोल पुरतील असं वाटतं. कठड्यासह 34 चौरस मीटर होतात आणि चार लागतात.

गैरसमज : एक ब्रास वाळू म्हणजे एक ब्रास वाळू.
ओलसर वाळू फुगते, कधी कधी 25 ते 30 टक्के. मापाने तेवढीच दिसते, पण दाणे कमी येतात. बरणीत 10 सेंटीमीटर ओलसर वाळू भरा आणि वर पाणी ओतून ढवळा. ती 8 सेंटीमीटरवर बसली, तर फुगवटा 25 टक्के आहे. मापात तेवढी वाळू वाढवून घ्या.

जलरोधक द्रव्य वापरणार असाल, तर ते किती जागेला पुरेल हा डब्यावरचा आकडाही नीट वाचा. बऱ्याचदा तो गुळगुळीत पृष्ठभागावरच्या एका हाताचा असतो. खडबडीत स्लॅबला दोन हात देताना दुपटीहून जास्त द्रव्य लागतं.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड अनेकदा तुटतं, आणि आतल्या वाटाही बंद होतात. तेव्हा मे महिन्यातच गवंड्याला सोबत घेऊन टेप लावा, ढाळ कुठून कुठे जाईल हे कागदावर काढा आणि त्या आकड्यांवर एकाच फेरीत सगळं सामान मागवा.