घड की बाळी?

द्राक्षाची वेल तुम्ही कधी जवळून पाहिली आहे का? मांडवाच्या तारेला गच्च धरून ठेवणारे, स्प्रिंगसारखे वळलेले हिरवे धागे तिच्यावर जागोजागी दिसतात. आपले बागायतदार त्यांना ‘बाळी’ म्हणतात. आता गंमत ऐका. ही बाळी आणि रसाळ द्राक्षांचा घड, दोघांची सुरुवात अगदी सारखीच होते! वेलीच्या डोळ्याच्या आत, म्हणजे जिथून नवी फूट निघते तिथे, एक इवलासा कोंब असतो, इतका लहान की नुसत्या नजरेला दिसतही नाही. त्याचा घड होणार की बाळी, हे आधी ठरलेलं नसतं.

मग ते ठरतं कसं? त्यात मोठा वाटा असतो वेलीतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या हिशेबाचा.

कार्बन येतो हवेतून. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम ०.०४ टक्के, पण पानं तो बारीक छिद्रांतून आत घेतात आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात. नायट्रोजनचं नेमकं उलटं! हवेत तो तब्बल ७८ टक्के आहे. पण त्याचे दोन-दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पानांना ते सोडवताच येत नाहीत. म्हणून झाडं मातीतला, पाण्यात विरघळलेला नायट्रोजन मुळांनी शोषून घेतात.

सुकवलेलं रोप १०० ग्रॅम भरलं, तर त्यात ४० ते ४५ ग्रॅम कार्बन असतो आणि नायट्रोजन साधारण १ ते ४ ग्रॅम. एवढासाच! पण त्याच्यावाचून सगळं अडतं. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे ४ अणू असतात. कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को नावाच्या प्रथिनालाही भरपूर नायट्रोजन लागतो. म्हणजे नायट्रोजन नाही, तर साखरही नाही. तुटवडा पडला की रोप खालच्या जुन्या पानांतला नायट्रोजन काढून शेंड्याकडच्या कोवळ्या पानांना देतं. म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात.

“मग टाका की भरपूर युरिया!” असं वाटलं ना? युरिया म्हणजे नायट्रोजनचंच खत. पण थांबा. नायट्रोजनपासून प्रथिनं करायला साखरेतला कार्बन लागतो. नायट्रोजन फार झाला की साखर नवी पानं आणि नव्या फुटी काढण्यातच संपते. फळांच्या वाट्याला उरणार काय? शेतकरी म्हणतात, “पीक माजलं.” कपाशी उंचच उंच वाढते, पण बोंडं मोजकीच लागतात. शिवाय लुसलुशीत पानांवर मावा आणि तुडतुडे तुटून पडतात.

अमेरिकेतल्या क्राउस आणि क्रेबिल या शास्त्रज्ञांनी टोमॅटोवर प्रयोग केले आणि १९१८ साली ते प्रसिद्ध केले. खूप नायट्रोजन मिळालेली रोपं हिरवीगार फोफावली, पण फळं धरेनात. फारच कमी मिळालेल्या रोपांमध्ये साखर आणि पिष्ट नुसतं साठून राहिलं. वाढ खुंटली आणि फळंही आली नाहीत. टोमॅटो लगडले ते दोन्हींचा मेळ बसलेल्या रोपांना!

द्राक्षवेलीचंही तसंच. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे फुटतात. नेमकं तेव्हाच आभाळ भरून राहिलं, तर ऊन कमी म्हणून साखर कमी. त्यात नायट्रोजन जास्त झाला असेल, तर वेल नुसत्या वाढीच्या मागे लागते. मग घड जिरतो आणि त्याची बाळी होते. वर्षभराच्या मेहनतीचं फळ असं हातचं जातं. म्हणूनच जाणते बागायतदार त्या दिवसांत नायट्रोजनच्या खताबाबत हात आखडता घेतात.

आपला हरभरा तर हा हिशेब फार सुरेख सांभाळतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींमध्ये रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हरभरा त्यांना साखर देतो आणि ते हवेतल्या नायट्रोजनचे घट्ट अणू सोडवून त्याला देतात. मातीतच भरपूर नायट्रोजन असेल, तर हरभरा गाठीच कमी करतो. उगाच साखर का खर्च करायची?

या हिवाळ्यात शेतावर गेलात, तर मोठ्यांना विचारून हरभऱ्याचं फुलोऱ्यातलं एक रोप मुळांसकट अलगद खणून काढा. माती धुवा आणि एक गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी किंवा लालसर दिसली, तर समजा जिवाणू कामात आहेत. ती गाठ घरच्यांना दाखवा आणि विचारा, “या शेताला युरिया खरंच किती लागतो?”