तेरड्याचा रंग आणि बाटलींतला रंग

श्रावण सरतां सरतां आमच्या कासूच्या परिसरांतील बांध, माळ आणि डोंगरउतार तेरड्याच्या फुलांनीं गुलाबी होऊन जातात. दिवा-रोहा लोहमार्गावर गाडी पेणच्या पुढें सरकली, कीं दोहों बाजूंस भाताचीं हिरवीं खाचरें आणि त्यांच्या कडेनें हा गुलाबी पट्टा दिसूं लागतो. भाद्रपदांत येथील कित्येक घरीं गौर बसते ती याच तेरड्याची. असें असूनही मराठी भाषेनें या गरीब झाडावर मोठाच अन्याय केला आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण उठल्याबसल्या वापरतों आणि चंचल वस्तूस, चंचल माणसास ती चिकटवून मोकळे होतों.

वस्तुतः तेरड्याइतका चिवट रंग शोधूनही सांपडणें कठीण. फूल लवकर सुकतें हें खरें. परंतु फुलें व पानें तुरटीबरोबर वाटून तो लगदा नखांवर रात्रभर बांधून ठेवला, तर जो नारिंगी-तांबूस रंग चढतो तो नख वाढून कापलें जाईपर्यंत हटत नाहीं. कोरिया देशांतील मुली पिढ्यान्पिढ्या याच रीतीनें नखें रंगवीत आल्या आहेत. जपानी भाषेंत तर या झाडाचें एक नांवच ‘नखांची लाली’ अशा अर्थाचें आहे. आपल्याकडे उत्तरेस तेरड्यास गुलमेहंदी म्हणतात तेंही उगीच नव्हे. मेंदीच्या पानांत लॉसोन नांवाचें जें रंगद्रव्य असतें, त्याच कुळांतील द्रव्यें तेरड्यांतही आहेत. नख व त्वचा ज्या केराटिन नामक पदार्थाचीं बनलेलीं असतात, त्याच्याशीं हीं द्रव्यें जखडून बसतात. रंग वर बसत नाहीं, आंत मुरतो. म्हणून तो पाण्यानें धुतला जात नाहीं. हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें आणि मुळापासून टोकापर्यंत नवें व्हावयास त्यास सहा महिने तरी लागतात. अमरकोशांत नखास ‘पुनर्भव’ असें एक नांव दिलें आहे. पुन्हां पुन्हां उगवणारें, या अर्थाचा हा शब्द आम्ही वर्गांत शिकवीत असूं, तेव्हां मुलें आपापलीं नखें पाहूं लागत.

हें सर्व सांगण्यास निमित्त असें, कीं हल्लीं आमच्यासारख्या लहान गांवांतील दुकानांतही बांगड्या, टिकल्या आणि रिबिनी यांच्या शेजारीं नखरंगाच्या चिमुकल्या बाटल्यांची रांग लागलेली असते. पेणला व पनवेलला शिकावयास किंवा नोकरीस जाणाऱ्या मुली त्या विकत घेतात, एकमेकींच्या बाटल्या उसन्या आणतात, आणि रविवारीं दुपारीं पडवींत बसून दहा बोटांवर दहा रंग लावून पाहतात. वडील माणसांच्या कपाळावर आठ्या पडतात. ‘हें फिरंगी खूळ आपल्या घरांत कशाला?’ हा प्रश्न आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि त्याचें उत्तर थोडें सविस्तर द्यावें असें आमच्या मनांत फार दिवस होतें.

नखें व हातपाय रंगविणें फिरंग्यांनीं आणलें, ही समजूत इतिहासास धरून नाहीं. वात्स्यायनानें नागरकाची जी दिनचर्या वर्णिली आहे, तींत अंगास अनुलेपन, अलक्तकाची लाली, ओठांस मेण आणि मग आरशांत अवलोकन असा क्रम येतो. हा नागरक पुरुष आहे, ही गोष्ट आमच्या मित्रांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. त्याच ग्रंथांतील चौसष्ट कलांमध्यें दांत, वस्त्रें आणि अंग रंगविण्याची कला गणलेली आहे. अलक्तक म्हणजे लाखेपासून काढलेला तांबडा रंग. मराठींत त्याचाच अळिता झाला. आणि शृंगार बाजूस ठेवला तरी शरीरसंस्काराचा भाग उरतोच. पंधरवड्यांतून तीनदां नखें काढावींत असा नियम चरकसंहितेंत आहे. नित्य अभ्यंग करावा, त्यांतही मस्तक, कान आणि पाय यांस विशेषेंकरून तेल लावावें, असें वाग्भट सांगतो. तेव्हां आपल्या देहाचे चार लाड करणें यांत अशास्त्रीय कांहीं नाहीं. प्रश्न इतकाच, कीं ते लाड कशानें करावयाचे.

बाटलींतला रंग मेंदीच्या अगदीं उलट स्वभावाचा आहे. तो मुरत नाहीं, वर साय धरतो. नायट्रोसेल्युलोज हा त्याचा मुख्य आधार. तो एथिल ॲसिटेट, ब्यूटिल ॲसिटेट अशा उडून जाणाऱ्या द्रवांत विरघळविलेला असतो, आणि त्यांत राळेसारखे पदार्थ व रंग घातलेले असतात. द्रव उडाला कीं पातळ, चकचकीत पापुद्रा मागें राहतो. १९२० नंतरच्या दशकांत मोटारगाड्यांस जो झटपट वाळणारा रोगण देऊं लागले, त्याचीच ही धाकटी बहीण. अमेरिकेंत कुटेक्स कंपनीनें १९१७ सालीं द्रवरूप नखरंग बाजारांत आणला; १९३२ सालीं स्थापन झालेल्या रेव्हलॉन कंपनीचा आरंभच या एका वस्तूवर झाला. आपल्याकडे टाटा ऑइल मिल्सनें १९५२ सालीं मुंबईंत ‘लॅक्मे’ काढली. देलिब या फ्रेंच संगीतकाराच्या १८८३ च्या संगीतिकेचें हें नांव. आणि त्या नांवाचें मूळ आपल्या ‘लक्ष्मी’ शब्दांत आहे. म्हणजे लक्ष्मी पॅरिसला जाऊन, नांव बदलून, पुन्हां मुंबईस आली!

रंग निवडतांना मुलींनीं दुकानांतील दिव्यावर भरंवसा ठेवूं नये. बाटली दिवसाच्या उजेडांत, आपल्या हाताजवळ धरून पाहावी. सांवळ्या हातास डाळिंबी, विटकरी आणि जांभळट रंग उठून दिसतात. फिका गुलाबी मात्र कधीं कधीं खडूसारखा दिसतो. कोंकणच्या दमट हवेंत एकच जाड थर लावला तर तो वरून वाळतो आणि आंत ओला राहतो. त्याऐवजीं दोन पातळ थर द्यावेत आणि मध्यें थोडा वेळ जाऊं द्यावा. गडद तांबड्या रंगानें नखें पिवळीं पडतात. म्हणून खालीं आधीं रंगहीन थर असावा. रंग नखानें खरवडून काढूं नये. त्याबरोबर नखाचे पापुद्रे निघतात. रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वीं नखरंग पुसावयास सांगतात त्यांतही अर्थ आहे. बोटास चिमटा लावून रक्तांतील प्राणवायु मोजणाऱ्या यंत्रास गडद रंगाचा अडथळा होऊं शकतो, शिवाय नखाचा मूळ रंग डॉक्टरांस पाहावयाचा असतो. स्वयंपाकाच्या व पूजेच्या दिवशीं नखरंग चालतो कीं नाहीं, हा वाद आम्ही घरच्या गृहिणींवर सोपवितों. नखें कापलेलीं आणि स्वच्छ असावींत, एवढाच आमचा आग्रह.

अशाच एका रविवारीं आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. शेजारच्या घरांतील काकू कांहीं कामासाठीं आल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन बरींच वर्षें झालीं. मुलींनीं त्यांस बसवून घेतलें.

“काकू, हात पुढें करा ना. एक नख फक्त.”

“मला कसले रंग लावतेस गं? लोक काय म्हणतील?”

“लोक नाहीं येत इथें. आजोबा आहेत, ते पेपरांत डोकं घालून बसलेत.”

काकूंनीं हात पुढें केला नाहीं आणि मागेंही घेतला नाहीं. इतक्यांत त्यांच्या सासूबाई त्यांस हांक मारीत कुंपणापाशीं आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, स्वतः पन्नाशीच्या आंत विधवा झालेल्या. आतां कांहींतरी बोलणार म्हणून मुली गप्प झाल्या. म्हाताऱ्या बाईंनीं बाटल्यांकडे निरखून पाहिलें आणि म्हणाल्या, “तो भडक नको. तो डाळिंबी लाव. तिला लग्नांत डाळिंबी शालू होता.”

२०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें विधवांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत इतर गांवांनींही त्याचें अनुकरण करावें असें राज्य शासनानें कळविलें. ठराव आम्हीं तेव्हांच वाचला होता व मनोमन त्याचें स्वागत केलें होतें. परंतु ठरावाचा कागद आणि स्त्रीचा हात यांच्यामध्यें किती अंतर असतें, तें आम्हांस त्या पडवींत दिसलें. नखावर चार थेंब रंग ही क्षुल्लक बाब आहे असें जो म्हणेल, त्यानें ती क्षुल्लक बाब शतकानुशतकें एका वर्गास कां नाकारली गेली, याचें उत्तर प्रथम द्यावें.

आतां त्वचेकडे वळूं. कारण खरा धोका नखांत नसून तेथें आहे.

दिवाळींत नरकचतुर्दशीस आपण जें उटणें लावतों, त्यांत नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, चंदन अशीं सुगंधी द्रव्यें असतात. तेल आधीं, उटणें मागून. तेलानें त्वचा मऊ होते आणि उटण्यानें जास्तीचें तेल व मळ निघून जातो. एरवीं साय, हळद आणि डाळीचें पीठ पुरेसें. पायाच्या भेगांस कोंकणांत कोकमतेल लावतात. तें थंडींत खड्यासारखें घट्ट असतें, पण तळव्याच्या उबेनें विरघळून भेगेंत शिरतें. चिखलांत लावणी करणाऱ्या बायांच्या पायांस त्याहून चांगलें व स्वस्त दुसरें कांहीं आम्हांस ठाऊक नाहीं. हळदीचें मलम डबींत भरून विकण्याचा मान पेंढरकरांच्या विको कंपनीचा. केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं परळ येथें हा धंदा आरंभिला. त्यांचें हळदीचें मलम औषध कीं प्रसाधन, यावर अबकारी खात्याशीं सुमारें पाव शतक वाद चालला आणि सर्वोच्च न्यायालयांत कंपनीचें म्हणणें मान्य झालें. मराठी घरांत मात्र या प्रश्नाची कोणास कधीं अडचण पडली नाहीं.

परंतु घरगुती म्हणजे निर्धोक, असेंही समजूं नये. लिंबाचा रस चोळून उन्हांत गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. लग्नसराईंत मिळणारी ‘काळी मेंदी’ ही मेंदीच नव्हे. तींत केस काळे करण्याचें पॅराफेनिलिनडायामिन नांवाचें रसायन मिसळलेलें असतें आणि त्यानें हातांवर फोड येऊन कायमचे डाग राहिल्याचीं उदाहरणें आहेत. नखांच्या बाबतींतही, ब्यूटी पार्लरमध्यें दिव्याखालीं घट्ट करतात त्या जेल रंगांतील टीपीओ या घटकावर युरोपीय संघानें १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे.

सर्वांत वाईट प्रकार गोरेपणाच्या मलमांचा. आपल्या समाजांत मुलगी दाखवितांना ‘रंग गोरा’ हे दोन शब्द पुष्कळ विद्येपेक्षां जड पडत आले आहेत, आणि याच दुबळेपणावर हा व्यापार उभा राहिला. १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या मलमाचें नांव २०२० सालीं बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ करण्यांत आलें. नांव बदललें, मागणी बदलली असें मात्र दिसत नाहीं. नामांकित कंपन्यांच्या मलमांहून भयंकर तीं बिननांवाचीं. त्यांत पारा असतो. त्वचेस काळेपणा देणारें मेलॅनिन तयार होण्याची क्रिया पारा रोखतो; म्हणून कांहीं आठवड्यांत चेहरा उजळतो आणि मैत्रिणी पत्ता विचारूं लागतात. परंतु तोच पारा त्वचेंतून रक्तांत व रक्तांतून मूत्रपिंडांत जातो. अकोल्यांतील एकाच घरांतील तिघी मायलेकींचीं मूत्रपिंडें अशा मलमानें बिघडल्याची हकीकत २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या तपासणींत त्या मलमांत पारा आढळला. एकीनें आणलें, तिघींनीं वापरलें. प्रसाधनांतील पाऱ्यास जागतिक मिनामाता कराराची बंदी आहे आणि भारतानें तो करार २०१८ सालीं मान्य केला. आपल्या नियमांप्रमाणेंही साध्या प्रसाधनांत नकळत राहिलेला पारा दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाहीं. पण ज्या डबीवर निर्मात्याचें नांवच नाहीं, तिला नियम कोण विचारणार?

म्हणून आमची वाचकभगिनींस विनंती आहे, कीं कोणतीही डबी घेण्यापूर्वीं ती उलटी करून पाहावी. निर्मात्याचें नांव व पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, तयार झाल्याची व मुदत संपण्याची तारीख, यांपैकीं एकही गोष्ट नसेल तर ती फुकट मिळाली तरी घरांत आणूं नये. नवें मलम प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थोडें लावून एक-दोन दिवस थांबावें. कोणतेंही मलम चार आठवड्यांत गोरें करतें असें विकणारा सांगूं लागला, तर दुकानांतून बाहेर पडावें. आणि मुलगी सांवळी असेल, तर तिच्यापुढें तिच्या रंगाची काळजी बोलून दाखवूं नये. मलम आणावयास तिला तेथूनच धाडलें जातें.

नखरंगाच्या बाटलीविषयीं एक सांगावयाचें राहिलें. तो ज्वालाग्राही असतो. दिवाळींत पणत्या लावतांना, किंवा देवघरांत निरांजनाजवळ बसून तो लावूं नये. बाटलींतील रंग दाट झाला म्हणजे मुली त्यांत रंग पुसावयाचें ॲसिटोन ओततात. त्यानें रंग फाटतो. झांकण लावण्यापूर्वीं बाटलीचें तोंड पुसून घ्यावें आणि ती घट्ट बंद करून उन्हापासून दूर उभी ठेवावी. काकूंनीं आपली डाळिंबी बाटली फडताळांत, कोकमतेलाच्या वाटीशेजारीं ठेवली आहे.