स्वस्त गेमिंग संगणकाचा पॉवर सप्लाय: कोणता आकडा वाचावा?

पॉवर सप्लाय, म्हणजे घरातील २३० व्होल्टची एसी वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टच्या डीसी विजेत बदलणारी पेटी, निवडताना खोक्यावर ठळक छापलेल्या वॉटपेक्षा लेबलवरील १२ व्होल्टचा रकाना पाहावा, कारण प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची बहुतांश भूक तिथूनच भागते. ‘४५० वॉट’ मिरवणाऱ्या पेटीच्या त्या रकान्यात १८ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १८, म्हणजे जेमतेम २१६ वॉट हाती येतात. त्यातून १७० वॉटचे आरटीएक्स ३०६० कार्ड चालवल्यावर प्रोसेसरसाठी उरते काय? ‘८० प्लस’ ही खूण कार्यक्षमतेची, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती वीज प्रत्यक्ष उपयोगी पडते याची असते, सुरक्षिततेची नव्हे. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारी पेटी गेमिंगसाठी शक्यतो वापरूच नये.