अपघाताची भरपाई : ‘टक्के’ कोणाचे, किती आणि कशाचे?

अपघातातील जखमी अजून रुग्णालयातच असतो आणि ‘केस आम्ही लढतो, आधी एक पैसा देऊ नका, मिळाले की टक्के द्या’ म्हणणारा कोणीतरी नातेवाइकांना गाठतो. पुढे दवाखान्याच्या दाखल्यावर दुसरे टक्के येतात, अपंगत्वाचे. हे दोन्ही आकडे नीट समजले नाहीत, तर परभणी जिल्ह्यातल्या मजुराच्या किंवा शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम निम्म्याहून कमी होऊ शकते.

दावा कुठे, कधीपर्यंत?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे, म्हणजे जिल्हा न्यायालयात चालतो. अपघात पुण्यात झाला तरी जखमी जिंतूर किंवा सेलूचा रहिवासी असेल, तर परभणीत दावा करता येतो. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांना ही मोठी सोय आहे, पण अनेकांना ती माहीत नसते.

१ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, मात्र त्या भरवशावर थांबणे शहाणपणाचे नाही.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मार्ग वेगळा. गंभीर दुखापतीस ५० हजार, मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात आणि अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो.

अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत

खरी मेख इथे आहे. डॉक्टरांचा दाखला एखाद्या अवयवाचे किंवा शरीराचे अपंगत्व सांगतो. प्राधिकरणाने मात्र कमाईची क्षमता किती घटली ते पाहायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केले. डावा हात गेलेला कारकून नोकरीत टिकू शकेल. त्याच दुखापतीने चालकाची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण थांबते.

समजा, ३२ वर्षांच्या गवंड्याची कमाई महिना १२ हजार आहे. या वयाला गुणक १६. क्षमतेतील घट २० टक्के धरली, तर ४ लाख ६० हजार ८०० रुपये होतात. ५० टक्के धरली, तर ११ लाख ५२ हजार. औषधोपचार, वेदना, सोबतीचा खर्च हे वेगळे. म्हणून रुग्ण नेमके काय काम करत होता आणि आता काय करू शकत नाही, हे वकिलाने डॉक्टरांच्या साक्षीत काढून घ्यायला हवे. नुसता दाखला जोडून भागत नाही.

पगारपत्रक नाही म्हणून हातपाय गाळू नयेत. कर्नाटकातील एका मजुराची महिना ४,५०० रुपयांची कमाई सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कागदाविनाच मान्य केली होती. तरी मुकादमाची किंवा ठेकेदाराची साक्ष, सातबारा, बँक पासबुक जे असेल ते द्यावे. एफआयआर, पंचनामा, औषधांची प्रत्येक पावती सांभाळावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाताना जखमी झालेल्यांच्या दाव्यात विमा कंपनी हमखास हरकत घेते, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे.

वकिलाचे टक्के चालतात का?

नाही. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम मनाई करतात. असा करार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच म्हटले आहे. प्रथा सर्रास आहे, म्हणून ती कायदेशीर होत नाही. फी किती, कोणत्या टप्प्याला किती, हे आधीच लिहून घ्यावे आणि पावती मागावी. दलालामार्फत नव्हे, थेट वकीलसाहेबांशी बोलावे. कोऱ्या कागदावर किंवा धनादेशावर सही करू नये. भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे.

फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक १५१००.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे वरचे गणित आधी मांडून मगच सही करावी. प्राधिकरणाचा निकाल कमी वाटल्यास ९० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील करता येते.