बाबांच्या खात्यावरचं मूल

आठ वर्षांचा मुलगा संध्याकाळी बाबांचा मोबाइल घेऊन बसतो, तेव्हा यूट्यूबच्या लेखी तिथे मूल नसतंच. तिथे असतो एक चाळिशीचा पुरुष. तो सकाळी शेअर बाजाराचे व्हिडिओ पाहतो, रात्री डब केलेले साऊथचे हाणामारीचे सिनेमे पाहतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्याला अचानक जेसीबी आणि डायनासोर आवडायला लागतात. यंत्राला या आवडीनिवडीचं नवल वाटत नाही. ते सगळ्याची गोळाबेरीज करून पुढचं काहीतरी समोर ठेवतं. डायनासोरनंतर हरणाला फाडणारी मगर येते, मगरीनंतर 'कॅमेऱ्यात कैद झालेला थरार' येतो आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत मुलगा भलतंच काही बघत असतो. त्यानं ते शोधलेलं नसतं. त्यानं फक्त बोट वर सरकवलेलं असतं.

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेवर जे सल्ले वाचायला मिळतात, ते मुलाचा स्वतःचा टॅब आणि स्वतःचं खातं आहे असं धरून चालतात. आपल्याकडे पहिली ते चौथीतलं मूल बहुधा उसन्या मोबाइलवर असतं. कधी आईचा, कधी बाबांचा, सुट्टीत काकाचा, नाहीतर आजीचा. आजीच्या मोबाइलचा पॅटर्न तर नातवानंच घालून दिलेला असतो आणि तो आजीलाच आठवत नाही. मोबाइल कुणाचा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण मुलांच्या संरक्षणासाठी आजवर जे कायदे आणि जी कुलपं झाली, त्यांतली बरीचशी खातेदाराचं वय पाहून चालतात.

यूट्यूबचंच पाहा. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली म्हणून अमेरिकेत २०१९ साली गूगल आणि यूट्यूबला सतरा कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर जानेवारी २०२० पासून 'मुलांसाठी' अशी नोंद असलेल्या व्हिडिओंखालच्या कॉमेंट्स बंद झाल्या आणि पाहणाऱ्याची आवड हेरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीही तिथून गेल्या. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती हवी, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही आणि त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. कायदा चांगला आहे. पण आपला मुलगा बाबांच्या खात्यावर बसून मुलांच्या नोंदीबाहेरचं काही पाहू लागला, की त्याला यातलं काहीच लागू होत नाही. त्याच्या हातात कर्जाची जाहिरात येते, कारण ती बाबांसाठी पाठवलेली असते.

यूट्यूबइतकाच दुर्लक्षित दरवाजा म्हणजे फोटोंची गॅलरी. मूल आपल्या वाढदिवसाचे फोटो बघायला गॅलरी उघडतं. ही त्याची अगदी आवडती करमणूक. त्यात वाईट काहीच नाही. पण अँड्रॉइड मोबाइलवर व्हॉट्सॲपमध्ये आलेले फोटो आणि व्हिडिओ, आपण काही बदललं नसेल तर, थेट गॅलरीत जाऊन पडतात. त्यामुळे केक कापतानाच्या फोटोशेजारी कुठल्याशा ग्रुपवर कुणा काकांनी 'कमजोर हृदयाच्यांनी पाहू नये' म्हणून टाकलेला अपघाताचा व्हिडिओ येऊन बसतो. काकांना वाटतं, आपण मोठ्यांच्या ग्रुपवर टाकलाय. तो पाहते दुसरीतली मुलगी, एकटी, गादीवर पालथी पडून. मग रात्री ती आईला बिलगून झोपते आणि कारण विचारलं तर सांगत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्सखाली 'मीडिया व्हिजिबिलिटी' असं एक बटण आहे. ते बंद केलं की यापुढचा माल गॅलरीत येत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी एकच गोष्ट करायची असेल, तर मी आधी हे बटण बंद करायला सांगेन.

बाकीची कुलपं थोडक्यात. यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप आहे, भारतात ते २०१६ पासून मिळतं. त्यात वयाप्रमाणे गट आहेत, पण खरी कामाची सोय आहे ती फक्त आपण निवडलेलेच चॅनल दाखवण्याची. ती निवडली की शोधायचं भिंगच जातं. अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिन' करता येतं. मुलाला गोष्टीचा व्हिडिओ लावून दिला आणि तो पिन केला, की आपला पिन नंबर घातल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. मात्र सेटिंगमध्ये तशी अट चालू केलेली हवी. आयफोनवर याचं नाव 'गाइडेड ॲक्सेस'. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागावा, असं ठरवून ठेवता येतं. आणि यूपीआयचा पिन. दुकानात उभं राहून मुलादेखत आपण तो दाबतो. मुलं गल्ल्यावरचं चॉकलेट बघत असतात असं आपल्याला वाटतं. ती आपलं बोट बघत असतात.

ज्याला अजून नीट लिहिता येत नाही तो काय शोधणार, अशी एक समजूत घरोघरी आहे. पहिलीतल्या मुलाला 'डायनासोर' लिहिता येत नाही हे खरं, पण माइकचं चिन्ह कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. ते दाबून तो मराठीत, खणखणीत आवाजात, 'भुताची गोष्ट' म्हणतो. समोर येतं ते मुलांसाठीचं भूत असेलच असं नाही. गंमत म्हणजे हाच माइक आपल्या उपयोगाचा आहे. मूल काय शोधतंय हे दुसऱ्या खोलीत ऐकू येतं, जर कानात हेडफोन नसेल तर. म्हणून प्राथमिकच्या वयात हेडफोन नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाजाचा त्रास होतो म्हणून आपणच हेडफोन आणून देतो, आणि घरातली सगळ्यात सोपी देखरेख हातानं बंद करतो.

आता खेळ. फ्री फायर या मोबाइलवरच्या खेळावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली तरी त्याचं 'मॅक्स' रूप चालूच राहिलं, आणि तिसरी-चौथीतल्या मुलांच्या बोलण्यात 'डायमंड' आणि 'स्किन' हे शब्द तेव्हापासून आहेत. स्किन म्हणजे खेळातल्या पात्राचा पेहराव आणि डायमंड म्हणजे खेळातलं चलन, ते खऱ्या पैशांनी मिळतं. ज्या मुलाकडे पैसे नाहीत त्याला ते 'देणारा' कुणीतरी भेटतो. खेळता खेळता बोलता येतं, त्यामुळे ओळख होते. तो 'दादा' असतो, छान खेळतो, आपल्याला हरू देत नाही. मग तो फोटो मागतो, शाळेचं नाव विचारतो, किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी सांग म्हणतो. मुलाला यातलं काय धोक्याचं आणि काय नाही, हे कळावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. भल्याभल्यांना ओटीपीचं कळत नाही. पण एक खूण दुसरीतल्या मुलालाही कळते. 'आईला सांगू नकोस' असं जो कुणी म्हणेल, मग तो खेळातला दादा असो की ओळखीतला काका, त्याचं बोलणं संपायच्या आत आईला सांगायचं. शाळेत चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवताना हे एक वाक्य जोडायला काहीच हरकत नाही.

पण मूल सांगत नाही, आणि याचं मूळ पुन्हा त्या उसन्या मोबाइलात आहे. मोबाइल त्याचा नाही. तो हट्ट करून, 'दहाच मिनिटं' म्हणून मिळवलेला असतो. त्यावर काही विचित्र दिसलं, काही चुकून दाबलं गेलं, कुणी घाणेरडं बोललं, तर मुलाच्या डोक्यात पहिला हिशेब हाच असतो की सांगितलं तर मोबाइल जाणार, वर ओरडा बसणार. 'बघितलंस? म्हणून देत नाही मी तुला!' हे वाक्य आपल्या तोंडात अगदी तयार असतं. मोबाइल बंद करणं कधी योग्य असेलही, पण ते सांगितल्याची शिक्षा म्हणून त्याच क्षणी केलं, तर पुढच्या वेळी मूल गप्प बसेल. त्या वेळी म्हणायचं एवढंच, 'बरं झालं सांगितलंस. दाखव बघू.' आवाज न चढवता हे म्हणणं अवघड जातं. आधीच्या सगळ्या सेटिंगपेक्षा मला हे जास्त कठीण वाटतं, कारण ते एकदा करून विसरता येत नाही.

पालकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या इशाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. २०१७ मध्ये 'ब्लू व्हेल' या ऑनलाइन खेळाची दहशत होती; तो मुलांना आत्महत्येला लावतो, असं बोललं जायचं. पुढे चौकशीत त्या खेळाचा एकाही घटनेशी संबंध सिद्ध झाला नाही, असं सरकारनं लोकसभेत सांगितलं. २०१८ मध्ये तशीच 'मोमो' आली. तिचा तो बटबटीत डोळ्यांचा चेहरा म्हणजे २०१६ मध्ये टोकियोच्या एका प्रदर्शनात मांडलेलं शिल्प होतं. मोमोनं मुलांना काही करायला लावल्याचा पुरावा सापडला नाही, पण तो चेहरा मुलांपर्यंत पोचला तो बऱ्याच ठिकाणी मोठ्यांनीच पाठवलेल्या सावधानतेच्या मेसेजमधून. खऱ्या धोक्यांना असा चेहरा नसतो, म्हणून त्यांचे मेसेज फिरत नाहीत.

आणि खरंच काही घडलं तर? पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक, आणि ताबडतोब; रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत असते. मूल घाबरलंय, कुणी त्याला त्रास देतंय, धमकावतंय, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावरही करता येते, आणि मुलांच्या लैंगिक छळाच्या मजकुराबद्दल तिथे नाव न सांगताही कळवता येतं. संतापाच्या भरात चॅट पुसून टाकू नये. समोरच्याचं नाव, नंबर, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवावेत. एका बाबतीत मात्र हात आवरायचा. मुलाचं किंवा मुलीचं अश्लील चित्र कुठे दिसलं, तर 'बघा काय चाललंय' म्हणून ते कुठल्याही ग्रुपवर पुढे पाठवायचं नाही. हेतू चांगला असला तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली तो गुन्हा ठरू शकतो. आणि मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. 'मुलीचं नाव खराब होईल' म्हणून घरातच मिटवून टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

किती वेळ, हा प्रश्न पालक सगळ्यात आधी विचारतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं दोन ते पाच वर्षांसाठी जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांपेक्षा कमी, असं सांगितलं आहे. आकडा हाताशी असावा, पण घड्याळ लावून मुलाच्या मागे धावण्यानं फार काही साधत नाही. त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं २०२२ मध्ये जे केलं ते मला जास्त कळतं. शेती आणि साखर कारखान्यावर चालणारं हे कडेगाव तालुक्यातलं गाव. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात मोबाइल आले आणि शाळा उघडल्यावरही ते हातातून सुटेनात. त्या ऑगस्टमध्ये गावातल्या बायकांच्या सभेत ठरलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरातले मोबाइल आणि टीव्ही बंद राहतील. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. या भोंग्यात मला महत्त्वाचं वाटतं ते टीव्हीचं बंद होणं. मुलानं अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी मालिका बघायची, अशी वाटणी तिथे नव्हती. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल वापरायला बंदी घालणारा ठराव केला. तो निर्णय समजू शकतो, पण पटत नाही. बंदी फक्त मुलांवर आली की मूल मोबाइल लपून बघतं, आणि लपून बघणारं मूल काही घडलं तर सांगायला कुणाकडे जाणार?

आता शाळेचा वाटा. 'आई, मोबाइल दे ना, बाईंनी गृहपाठ टाकलाय' याला आईकडे उत्तर नसतं. टाळेबंदीत व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवणं ही गरज होती. शाळा उघडून इतका काळ लोटला तरी अनेक वर्गांत ती सवय तशीच आहे, कारण फळ्यावरून वहीत उतरवून घेण्यापेक्षा फोटो टाकणं सोपं. पाच ओळींच्या गृहपाठासाठी मोबाइल हातात आला की तो दीड तास परत येत नाही, हे बाईंना ठाऊक असतं, कारण त्यांच्याही घरी मूल असतं. याच ग्रुपवर स्नेहसंमेलनाचे आणि वाढदिवसांचे फोटो पडतात. मुलाचं नाव, गणवेश, शाळेचा बॅज, सगळं एका चौकटीत. तिथून ते कुणाच्या स्टेटसवर जातात ते कुणी विचारत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे पाऊणशे टक्के सदस्य पालक असतात. चौथीपर्यंतचा गृहपाठ वहीतच द्यावा आणि मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत, एवढे दोन ठराव ही समिती पुढच्या बैठकीत करू शकते. त्याला निधी लागत नाही, वरून परिपत्रकही यावं लागत नाही.