सपाट मुलखांतील धुकें आणि सूर्योदयाचें छायाचित्र

छायाचित्रणाची आवड असलेला शहरवासी सुटी मिळाली कीं महाबळेश्वराची किंवा माथेरानची वाट धरतो. डोंगर, दरी आणि कडा यांच्यावांचून सूर्योदयाचें चित्र व्हावयाचें नाहीं, अशी त्याची समजूत असते. वऱ्हाडांतील पयानघाटासारखा मुलूख त्याला या कामीं निरुपयोगी वाटतो. उत्तरेस गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्या दरम्यान पूर्णा नदी तापीकडे वाहत जाते; तिच्या दोन्ही अंगांस काळ्या जमिनीचें मैदान पसरलेलें आहे. कपाशी, तूर, हरभरा, मधूनच एखादी बाभूळ, आणि पुन्हां शेत. भर दुपारीं या देखाव्याचें चित्र घेतलें तर वर आकाश, खालीं माती व मध्यें एक रेघ, एवढेंच हातीं लागतें. परंतु मार्गशीर्ष-पौषांतील एखाद्या पहाटे याच मैदानांत चित्रास लागणारें सर्व साहित्य आपोआप जमून येतें. तें आणून देतें धुकें.

आभाळ निरभ्र असलें म्हणजे दिवसभर तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता वर सोडून देते आणि झपाट्यानें निवते. तिला लागून असलेली हवाहि निवते, आणि एका मर्यादेपलीकडे तिच्यांतील वाफेचे सूक्ष्म जलबिंदु बनूं लागतात. या बिंदूंचा व्यास सामान्यतः मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतका असतो. वारा अगदींच पडलेला असेल तर ओलावा गवतावर दहिवर होऊन बसतो. वारा जोराचा असेल तर वरची उबदार व कोरडी हवा खालीं मिसळते आणि धुकें जमत नाहीं. मंद झुळूकच त्याला मानवते. थंड हवा जड असल्यामुळें ती नाल्यांत आणि नदीकांठच्या सखल भागांत उतरते. म्हणून मैदान डोळ्यांना कितीहि सपाट दिसो, त्याचे खरे चढउतार धुकें दाखवून देतें. जमिनींत ओल, सायंकाळीं स्वच्छ आभाळ आणि पडत चाललेला वारा, हीं तीन लक्षणें दिसलीं तर दुसऱ्या दिवशीं पहाटेचें उठणें बहुधा फुकट जात नाहीं.

हवामानशास्त्रांत एक किलोमीटर अंतरापलीकडचें दिसेनासें झालें तरच त्यास धुकें म्हणतात. छायाचित्रकाराला मात्र त्याहून विरळ धुकेंच अधिक उपयोगी पडतें. डोंगराळ प्रदेशांत एकामागें एक उभ्या असलेल्या रांगा चित्राला खोली देतात. सपाट मुलखांत तें काम विरळ धुकें करतें. पन्नास पावलांवरची बाभूळ काळीभोर, दोनशें पावलांवरचा निंब करडा, त्यामागची आमराई फिकट, आणि गांवाच्या देवळाचा कळस केवळ छायेसारखा. दुपारीं एका रेघेंत चेंगरलेल्या वस्तु आतां आपापल्या अंतरावर जाऊन उभ्या राहतात. असें चित्र नांवाला सूर्योदयाचें असलें तरी त्याचा खरा विषय कॅमेरा व झाड यांमधील हवा हाच असतो.

धुक्याला स्वतःचा रंग नसतो. त्याचे बिंदु सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. त्यामुळें जो प्रकाश त्यांत शिरेल तोच रंग तें घेतें. क्षितिजावरील सूर्याचा किरण वातावरणांतून लांबचा प्रवास करून येतो, त्यांतील निळा अंश वाटेंत विखुरला जातो, आणि धुकें तांबूस-केशरी होतें. शिवाय हे बिंदु प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेस फेंकतात. म्हणून सूर्याकडे तोंड केलें असतां धुकें तेजाळ दिसतें, व पाठ केली असतां निस्तेज. सूर्य आणि कॅमेरा यांच्यामध्यें एखादें झाड ठेवलें तर फांद्यांच्या सांवल्या धुक्यांतून पुढें येतात आणि किरणांच्या तिरिपी स्पष्ट होतात.

या विषयाचा प्रथम बारकाईनें विचार करणारांपैकीं पीटर हेन्री एमर्सन (१८५६–१९३६) हा एक होय. इंग्लंडमधील नॉर्फोक परगण्याच्या सपाट, पाणथळ प्रदेशांत त्यानें छायाचित्रें घेतलीं. डोळ्याला जें जसें दिसतें तें तसेंच चित्रांत उतरावें, धुक्यांतील वस्तु कृत्रिम रीतीनें रेखीव करूं नये, असें त्यानें १८८९ सालच्या आपल्या ग्रंथांत आग्रहानें मांडलें. पुढें हर्टर व ड्रिफील्ड या दोन संशोधकांनीं १८९० सालीं कांचेवरील काळेपणा आणि प्रकाश यांचा नियमबद्ध संबंध दाखवून दिला. छटा जर नियमानेंच ठरतात तर त्यांत कलावंताचा हात कोठें, असा प्रश्न एमर्सनपुढें उभा राहिला, आणि छायाचित्रण ही कला आहे हा आपला दावा त्यानें जाहीरपणें मागें घेतला. तरीहि त्यानें कॅमेरा टाकला नाहीं. १८९५ सालीं त्यानें ‘मार्श लीव्हज्’ प्रसिद्ध केलें. त्यांतील दलदलीचीं धूसर चित्रें आजहि नांवाजलीं जातात.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर प्रत्यक्ष कामांत सांपडतें. प्रकाशमापक समोरचें दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें गृहीत धरतो. धुकें त्याहून उजळ असल्यानें चित्र राखेसारखें मळकट येतें. अशा वेळीं यंत्र सांगेल त्याहून सुमारें दुप्पट प्रकाश द्यावा. सूर्यबिंब चौकटींत असेल तर याहून अधिक जपून. पन्नास मिलिमीटर भिंगानें सूर्यबिंब अर्धा मिलिमीटरहि भरत नाहीं. चारशें मिलिमीटर भिंगानें तें जेमतेम पावणेचार मिलिमीटर होतें. मोठें बिंब हवें असेल तर लांब भिंग व पक्की तिपाई पाहिजे. हिंवाळ्यांत या मुलखांत बिंब आपल्या व्यासाइतकें वर येण्यास अवघीं अडीच मिनिटें घेतें. म्हणून जागा आदल्या दिवशींच हेरून ठेवावी. भिंगावर दव बसतें, त्यासाठीं कोरडें सुती कापड जवळ असावें. बिंब झळाळूं लागल्यावर भिंगांतून त्याकडे कदापि पाहूं नये. डोळा कायमचा जाण्याचा धोका असतो. थोडक्यांत, छटा नियमानें ठरतात. पण कोठें उभें राहावें, किती थांबावें आणि कोणत्या क्षणीं कळ दाबावी, हें माणसालाच ठरवावें लागतें.

आतां तर संगणकावर एका खुणेनें धुकें पुसून टाकतां येतें. झाड रेखीव होतें, देऊळ जवळ येतें, आणि मैदान पुन्हां दुपारच्यासारखें एका रेघेंत चेंगरतें. ज्या वस्तूसाठीं पहाटे उठावें तीच घरीं येऊन पुसावी, यांत लाभ कोणता?

आणखी एक गोष्ट चित्र पाहणारानें ध्यानांत ठेवावी. ज्याला शहरांतील मनुष्य रम्य धुकें म्हणतो त्याला वऱ्हाडचा शेतकरी ‘धुवारी’ म्हणतो, आणि ती पाहून त्याच्या पोटांत गोळा येतो. तूर फुलावर असतांना धुवारी दोन-चार दिवस टिकली तर फुलोरा गळतो आणि वर्षाची मेहनत हातची जाते. तिपाई घेऊन धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्यानें शेताच्या मालकाची परवानगी घ्यावी, पिकांत पाय टाकूं नये, आणि ‘किती सुंदर!’ असें म्हणण्यापूर्वीं तुरीला फुलें आहेत कीं शेंगा धरल्या आहेत, एवढें विचारावें. ज्याला त्या उत्तराचा अर्थ कळला त्याच्या चित्रांत धुक्याबरोबर तें शेतहि उतरेल.